खेळाडूची भाकरी आणि गावाचा संघ

वाचकहो, 'धंदेवाईक' हा शब्द आपल्याकडे कोणी कौतुकाने वापरत नाही. सुतार मजुरी घेतो, वैद्य फी घेतो, शिक्षक पगार घेतात; त्याबद्दल त्यांना कोणी नावे ठेवीत नाही. पण एखादा मुलगा कबड्डी किंवा क्रिकेट खेळून चार पैसे मिळवू लागला, की 'हा धंदेवाईक झाला' असे आपण चटकन म्हणून जातो. हा समज आपल्या एकट्याचा नव्हे. ज्या इंग्लंडातून क्रिकेट आपल्याकडे आले, तिथे तर हौशी आणि पगारी खेळाडू असे उघड दोन वर्ग होते. हौशी तो 'जंटलमन', पैसे घेणारा तो नुसता 'प्लेअर'. एकाच संघातले हे दोघे काही मैदानांवर वेगवेगळ्या दारांतून खेळायला उतरत. हा भेद तिथे कागदोपत्री मिटला तो १९६२ साली.

हे सांगण्याचे कारण असे. आपल्या नाशिक जिल्ह्यात, सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत, प्रत्येक शाळेत दोनचार मुले-मुली अशी असतातच, की मैदानावर त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत. मग एक दिवस मुलाचे वडील शाळेत येतात आणि व्यायामशिक्षकाला विचारतात, "गुरुजी, खेळून पोट भरतं का हो?" प्रश्न सरळ आहे आणि रास्तही आहे. त्याचे उत्तर उपदेशाने देता येत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. खेळाडूंना पोसणारे संघ आपल्याकडे कसे निघाले, ते कोणी चालवले आणि त्यांतले किती टिकले, हे पाहिले म्हणजे उत्तर हाती येते.

चूल मांडायची तर तीन दगड लागतात. दोन दगडांवर भांडे ठरत नाही. संघाचेही तसेच आहे. पहिला दगड म्हणजे खेळाडूची भाकरी. दुसरा म्हणजे मैदान. तिसरा म्हणजे 'हा आमचा संघ' असे म्हणणारी माणसे. हे तीन दगड ध्यानात ठेवा आणि माझ्याबरोबर थोडे मुंबईला चला. नाशिकचा खेळाडू आजवर मोठा व्हायला पुण्या-मुंबईकडेच गेला, आणि संघ बांधण्याचा मोठा प्रयोग आपल्या राज्यात मुंबईनेच केला.

जातीधर्माचे संघ

मुंबईत क्रिकेट प्रथम उचलले ते पारशी मंडळींनी. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालचा. पुढे १८८६ साली पारशी संघ इंग्लंडला जाऊन आला. मग हिंदूंचा जिमखाना झाला, मुसलमानांचा झाला. युरोपियनांचा तर आधीपासूनच होता. पारशी विरुद्ध युरोपियन असा दरसालचा सामना होई. १९०७ साली हिंदू त्यात आले, तेव्हा तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ साली मुस्लिम संघ आला, तेव्हा चौरंगी. आणि १९३७ पासून 'इतर' म्हणून पाचवा संघ घेतला, तेव्हा पंचरंगी. या सामन्यांना माणसांची नुसती रीघ लागे. दुकाने ओस पडत, कचेऱ्यांत कामात लक्ष नसे.

आता तीन दगडांचा हिशेब करू. मैदान होते. माणसेही होती, पण ती धर्माच्या नावाने वाटलेली. आणि खेळाडूची भाकरी? ती ज्याची त्याने पाहायची.

याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे पळवणकर बाळू. जन्म १८७६ चा, घराणे कोकणातल्या पळवणचे, चांभार समाजातले. पुण्यात एका पारशी क्लबाच्या मैदानावर खेळपट्टी झाडणे, लोटणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना ३ रुपये. पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे ४ रुपये झाले. तिथे जाळी लावणे, खडूने रेषा आखणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे, हे काम. तासन्‌तास चेंडू टाकता टाकता हा डावखुरा गोलंदाज असा तयार झाला, की पुण्याच्या हिंदू संघाला त्याच्यावाचून गत्यंतर उरले नाही. संघात घेतले खरे. पण चहाच्या वेळी बाकीचे आत कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

बाळू मुंबईला आले, त्यांना रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याच्या संघात ते खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम या दोघांचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी मिळवले. एवढे होऊनही संघाचे कर्णधारपद काही त्यांच्या वाट्याला आले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली, आणि तेही बऱ्याच वादंगानंतर.

नाशिककरांना त्यानंतरचे एक साल पाठ असेल. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. त्याच्या सात वर्षे आधी मुंबईच्या मैदानावर पळवणकरांच्या घरातला माणूस हिंदू संघाचे नेतृत्व करीत होता. मैदानाचे दार आधी उघडले, देवळाचे नंतर. खेळाने समाज एका दिवसात बदलत नाही. पण कुठे काय अडले आहे, ते खेळाच्या मैदानावर सगळ्यांच्या देखत दिसते.

तरीही जातीधर्मावर बांधलेला संघ फार काळ चालणे बरे नव्हते. १९४० साली हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली, तेव्हा खेळात अशी धार्मिक फाळणी नसावी असा सल्ला त्यांनी दिला. १९४६ साली पंचरंगी स्पर्धा कायमची थांबली. संघांमागची माणसे धर्माच्या नावाने जमवली होती. काळ बदलला तसा तो दगड निसटला आणि चूल विझली.

कचेरीचे आणि गिरणीचे संघ

यानंतरचा काळ कंपन्यांच्या संघांचा. टाटा, एसीसी सिमेंट, निरलॉन, मफतलाल, रेल्वे, स्टेट बँक अशा किती तरी संस्थांनी क्रिकेटचे संघ ठेवले. 'टाइम्स शील्ड' या स्पर्धेत हे कचेरीचे संघ एकमेकांशी लढत. रीत अशी, की चांगला खेळाडू दिसला की त्याला नोकरी द्यायची. सकाळी सराव, मग थोडे कामकाज, सामना असेल त्या दिवशी रजा. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. सुनील गावसकर, संदीप पाटील, रवी शास्त्री हे निरलॉनकडून खेळले. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने लागोपाठ १५ वेळा रणजी करंडक जिंकला. हा पराक्रम खेळाडूंचाच. पण त्या खेळाडूंच्या घरी पहिल्या तारखेला जो पगार जाई, त्याचाही त्यात वाटा आहे, हे विसरू नये. कारण त्या काळात एका कसोटी सामन्याचे मानधन काही शे रुपयांतच असे. तेवढ्यावर संसार होत नव्हता.

या पिढीतले एक नाव आपल्या नाशिकचे आहे. रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजेच बापू नाडकर्णी, यांचा जन्म ४ एप्रिल १९३३ रोजी नाशिकला झाला. आधी महाराष्ट्राच्या संघातून आणि मग मुंबईच्या संघातून ते खेळले. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी ३२ षटके टाकली, त्यांतली २७ निर्धाव, आणि धावा दिल्या अवघ्या ५. त्यांतली २१ षटके तर लागोपाठ निर्धाव. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवून नेमके त्यावर चेंडू टाकण्याचा त्यांचा परिपाठ होता, असे सांगतात. शिक्षकांनी वर्गात सांगावी अशी ही गोष्ट आहे. मात्र तिच्यासोबत दुसरीही सांगावी, की या नाशिककराला नाव करण्यासाठी नाशिक सोडावे लागले.

कबड्डीतही हेच झाले. लालबाग-परळच्या चाळींतली मंडळे म्हणजे कबड्डीची शाळा. त्यांतून तयार झालेली पोरे महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, देना बँक अशा संघांत जात. गिरणगावातल्या घरात 'पोरगा कबड्डीवर बँकेत लागला' ही पेढे वाटण्याजोगी बातमी असे. हुतूतू म्हणून ज्या खेळाला आईबाप रागावत, तोच खेळ घराला आधार देऊ लागला.

इथे पहिला दगड पक्का बसला. भाकरी मिळाली, आणि तीही निवृत्तीपर्यंतची. कंपनीचे मैदानही मिळाले. पण तिसऱ्या दगडाचे काय? एसीसी विरुद्ध निरलॉन असा सामना असला, तर कोणत्या गल्लीने म्हणावे की हा आमचा संघ? संघ कंपनीचा होता, वस्तीचा नव्हता. त्यामुळे कंपनीचे मन फिरले, किंवा कंपनीच उरली नाही, की संघ संपे, आणि त्यासाठी कोणी रस्त्यावर येत नसे.

उदाहरणे पाहा. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी संप केला. तो कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले आणि गिरणगावातल्या खेळाचा आधार ढासळला. देना बँक २०१९ साली बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली. तिच्या नावाचा संघही मग इतिहासात जमा झाला. सर्वांत बोलके उदाहरण फुटबॉलचे. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ १९६२ साली सुरू झाला. २००५-०६ साली त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, म्हणजे देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ ठरला. आणि २०१० साली कंपनीने धोरण बदलले व तो संघ बंद केला. ज्या संघाने चार वर्षांपूर्वी देश जिंकला होता, तो एका निर्णयाने नाहीसा झाला!

विलायतेत काय झाले?

इथे क्षणभर थांबून इंग्लंडकडे पाहू. तिथल्या फुटबॉलच्या संघांची सुरुवातही अशीच कारखान्यांतून झाली. मँचेस्टर युनायटेड हा जगप्रसिद्ध संघ १८७८ साली रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कामगारांनी काढला. आर्सेनल हा संघ १८८६ साली लंडनजवळच्या वूलिच इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांचा. आज ते रेल्वेचे कारखाने त्या रूपात राहिले नाहीत. वूलिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला. संघ मात्र उभे आहेत.

हा फरक कशाने पडला? १८८५ साली तिथे खेळाडूला उघडपणे पैसे देण्यास मान्यता मिळाली. १८८८ साली १२ संघांची लीग सुरू झाली. शनिवारी अर्धा दिवस सुटी मिळू लागली होती. कामगार दारावर तिकीट काढून सामना पाही. दर आठवड्याला, त्याच मैदानावर, त्याच जागी उभा राहून. बापाने मुलाला खांद्यावर बसवून नेले, मुलाने नातवाला नेले. हळूहळू संघाचा खर्च कारखान्याच्या तिजोरीतून न चालता गावाच्या तिकिटांतून चालू लागला. संघ कारखान्याच्या पोटी जन्मला, पण गावाच्या घरात वाढला. म्हणून कारखाना गेला तरी तो पोरका झाला नाही. आपल्याकडे कंपनीने संघाला पोसले, पण गावाच्या ओटीत घातले नाही.

लिलावाचे संघ

आता अलीकडच्या काळात येऊ. २००८ साली क्रिकेटची इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली. यात शहराच्या नावाचा संघ विकत घेण्याचा हक्क मालकाला मिळतो. त्याला फ्रँचायझी म्हणतात. मुंबईचा संघ तेव्हा ११ कोटी १९ लाख डॉलरला गेला. २०१४ साली त्याच धर्तीवर प्रो कबड्डी लीग आली. मुंबईचा 'यू मुंबा' आणि पुण्याचा 'पुणेरी पलटण' हे संघ पहिल्या हंगामापासून त्यात आहेत. यू मुंबाने २०१५ साली विजेतेपद मिळवले. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाना स्टीलर्सला २८-२५ असे हरवून करंडक आणला. पलटणचा कर्णधार होता शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, आणि चढाई करणाऱ्यांत आपल्या नाशिकचा आकाश शिंदे. हे दोघेही २०२३ साली चीनमध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते.

भाकरीचा दगड इथे चांगलाच मोठा झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली ३६ लाख ४० हजार रुपयांना यू मुंबाकडे होता. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. हुतूतूच्या पोराला कोटीचा भाव! माणसेही आली, दूरचित्रवाणीवरून घरोघर आली. मुलींसाठीही वाट थोडी मोकळी झाली. सिन्नरची माया सोनवणे २०२२ साली महिलांच्या टी-२० चॅलेंज स्पर्धेत व्हेलॉसिटी संघातून खेळली, आणि २०२३ पासून महिलांची स्वतंत्र प्रीमियर लीगही सुरू झाली.

मग उणे कुठे आहे? मैदानात. या संघांचे पाय कोणत्याच मातीत घट्ट रोवलेले नाहीत. २०१६ चा दुष्काळ आठवा. मराठवाडा, नाशिक, नगर, सगळीकडे टँकर चालू होते, लातूरला तर रेल्वेने पाणी न्यावे लागले. खेळपट्ट्यांवर एवढे पाणी मारायचे कसे, हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यावेत असा आदेश झाला. मुंबईचा संघ आपले 'घरचे' सामने विशाखापट्टणला जाऊन खेळला. पाण्याच्या बाजूने झालेला तो निर्णय योग्यच म्हणायचा. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली, की अशा संघाचे घर आठ दिवसांत उचलून दुसरीकडे मांडता येते. प्रो कबड्डीचेही तेच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या हंगामाचे सामने हैदराबाद, नोएडा आणि पुणे इथे झाले. यू मुंबाचा एकही सामना मुंबईत झाला नाही.

आणि आपल्या नाशिकच्या नावाचाही संघ निघाला आहे बरं का! २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, त्यात 'ईगल नाशिक टायटन्स' हा संघ आहे. २०२४ साली तो अंतिम सामन्यापर्यंत गेला, तिथे रत्नागिरी जेट्सकडून हरला. परंतु पहिल्या दोन्ही हंगामांतले सगळे सामने पुण्याजवळ गहुंजे इथल्या मैदानावर झाले. संघाचे नाव नाशिक आणि सामना गहुंज्याला! पंचवटीतल्या पोराने आपला संघ पाहायचा तो पडद्यावरच. आपल्याकडे मैदान नाही असे नाही. हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाचे, गोल्फ क्लबचे म्हणून सगळ्यांना माहीत असलेले मैदान शहराच्या मध्यावर आहे. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि बडोदा यांचा रणजी सामना तिथेच झाला.

थोडक्यात, पहिल्या काळात भाकरीचा दगड नव्हता, दुसऱ्यात माणसांचा नव्हता, आणि तिसऱ्यात मैदानाचा ढिला आहे.

मग गुरुजींनी काय सांगावे?

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. खेळून पोट भरते का? खरे उत्तर असे आहे. प्रो कबड्डीत संघ १२. प्रत्येकात वीस-पंचवीस खेळाडू धरले तर साऱ्या देशात अडीचशे-तीनशे जण. हंगाम वर्षातले काही महिनेच. गुडघा दुखावला की पुढच्या लिलावात नाव येईलच असे नाही. तेव्हा केवळ लीगच्या भरवशावर मुलाने शाळा सोडू नये, हे गुरुजींनी स्पष्ट सांगावे.

पण 'खेळून काही होत नाही' असेही सांगू नये, कारण ते खोटे आहे. आपल्याच जिल्ह्यातली दोन नावे घ्या. दोघेही सांघिक खेळातले नव्हेत, पण भाकरीचा प्रश्न तोच. त्र्यंबकेश्वरकडच्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तिच्या धावण्याला तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळातल्या नोकरीने आधार दिला. दुसरा चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. ज्या गावात पाण्याची वाट पाहण्यात जन्म जातो, तिथला हा मुलगा विहिरी खोदण्याच्या कामावर राबला, २०१२ साली सैन्यात भरती झाला, आणि तिथे होडी वल्हवायला शिकला. ज्या २०१६ मध्ये दुष्काळापायी आयपीएलचे सामने राज्याबाहेर गेले, त्याच वर्षी हा दुष्काळी गावचा मुलगा रिओच्या ऑलिम्पिकमध्ये उतरला आणि तेरावा आला. २०१८ साली आशियाई स्पर्धेत त्याच्या चमूने सुवर्ण आणले. म्हणजे लिलावाचा झगमगाट डोळ्यांत भरत असला, तरी गावाकडच्या खेळाडूची भाकरी आजही सैन्य, पोलीस, रेल्वे, बँक आणि सरकारी महामंडळे यांच्याच तव्यावर भाजली जाते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे कोणत्या स्पर्धांची चालतात, ती कशी तपासून घ्यायची, हे शिक्षकाने वेळीच माहीत करून घेतले, तर एखाद्या घराचे भले होईल.

ही झाली एकट्या खेळाडूची वाट. पण संघाचे काय? आपल्या गावाचा, आपल्या जिल्ह्याचा संघ, जो कोणाच्या मर्जीने उठून जाणार नाही, असा उभा राहू शकतो का?

अमेरिकेत ग्रीन बे नावाचे गाव आहे. वस्ती साधारण एक लाख. म्हणजे आपल्या मालेगावपेक्षा कितीतरी लहान. १९१९ साली तिथल्या एका मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने गणवेशासाठी पैसे दिले आणि तिथल्या पोरांनी अमेरिकन फुटबॉलचा संघ काढला. पॅकर्स, म्हणजे डबे भरणारे, हे नाव त्यावरूनच पडले. ती कंपनी लवकरच गेली. संघही बुडण्याच्या बेताला आला. तेव्हा १९२३ साली गावाने तो भागभांडवल काढून आपल्या अंगावर घेतला. आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही, फक्त 'आमचा संघ' म्हणण्याचा हक्क मिळतो. मैदान गावाच्या मालकीचे, १९५७ सालचे. न्यूयॉर्क-शिकागोसारख्या महानगरांच्या संघांशी हा संघ आजही त्याच लीगमध्ये झुंजतो आणि अनेकदा जिंकतो. तिथे चुलीचे तिन्ही दगड गावानेच मांडले.

वाचकहो, भागधारक, सर्वसाधारण सभा, संचालक मंडळ हे शब्द नाशिक जिल्ह्याला शिकवायला नकोत. गावोगावच्या विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था आपण चालवल्या. त्यांतल्या काही बुडाल्या, काही तरल्या. बुडण्याची कारणेही आपल्याला ठाऊक आहेत. सातपूर-अंबडचे कारखाने पैसे देऊ शकतील; मुंबईच्या कंपन्यांनीही दिले होते. पण पैसा देणारा एक आणि मालक गाव, अशी मांडणी झाली तरच संघ टिकेल. हे काम एका वर्षात होणारे नाही. ते तालुक्याच्या कबड्डीपासून सुरू होईल. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या मैदानावर, त्याच त्या गावांच्या संघांचे सामने. पाच रुपये का होईना, तिकीट काढून पाहायचे. त्यातून खेळाडूचा प्रवासखर्च आणि दुखापतीचा औषधपाणी निघाला, तरी पहिला दगड बसला म्हणायचे.

आणि शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या दप्तरात एक जाड वही खेळासाठी ठेवा. कोणत्या साली कोणता सामना झाला, कोण खेळले, कोण जिंकले, कोणते पोर पुढे कुठे लागले, एवढेच लिहा. पळवणकर बाळूंना महिना किती रुपये मिळत, हे शंभर वर्षांनंतर आपल्याला कळते, ते कोणीतरी नोंदवून ठेवले म्हणून. तुमच्या गावच्या मैदानावर आज जो मुलगा 'कबड्डी कबड्डी' म्हणत मधली रेघ ओलांडतो आहे, त्याचे नाव त्या वहीत असू द्या. संघाला माणसे मिळतात ती आठवणीतून. उद्या त्याचा मुलगा ती वही उघडील आणि म्हणेल, हा आमचा संघ.